सात, आठ

एप्रिलचा दुसरा आठवडा. शाहूपुरीतल्या शाळेचा वरचा हॉल.
चाळीस शिक्षक, तीन पंखे, त्यातला एक कुरकुरणारा.
नदाफ मॅडम म्हणाल्या, कुरकुरणाराच चालू ठेवा.

मग प्रत्येकाच्या गळ्यात गोणपाटाची पट्टी बांधली,
चपलेत हरभऱ्याचे चार-चार दाणे टाकायला लावले,
दाराशी एकाला ताट-चमचा देऊन उभं केलं
आणि म्हणाल्या, आता शुद्धलेखन.

मी लिहिलं, पंचगंगेच्या. अनुस्वारावर हात गेला
तोच ताट वाजलं.
काठावर. ताट.
पाचव्या वाक्याला मी उठून उभी राहिले :
"बंद करा की हो ते! डोकं फिरवताय व्हय?"

चोवीस वर्षांची नोकरी माझी. आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जातो.
हॉल गप्प. पंखा तेवढा बोलत होता.
नदाफ मॅडम हसल्या नाहीत.
"बाई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला आता वर्गाबाहेर उभं करू?"

चौथी ब. तिसरा बाक. सुमेध.
कॉलर चावून चावून दोरे निघालेले,
घंटा झाली की कान दाबून बाकाखाली.
बाप चपला शिवतो, पोराच्या दप्तराला चामड्याचा वास,
खडू उडला की तो नाक त्या दप्तरात खुपसायचा.
मी म्हणायची नाटकी. आगाऊ.
एकदा तर कानांवरचे त्याचे हात ओढून काढले मी
आणि त्या उघड्या कानात म्हटलं,
ऐक.

जेवणाच्या सुट्टीत खोराटे सर डबा उघडत म्हणाले,
"आता पोरांच्या मांडीवर वाकळ घालून निजवायचं तेवढं राहिलंय."
मॅडमनी ऐकलं.
"निजवायचं नाही, सर. वाकळ जड असते.
जड काही अंगावर असलं की अंगाला कळतं, आपण कुठं संपतो ते.
माझे आजोबा कापूस पिंजायचे, त्या आवाजात मी ढाराढूर झोपायची,
आणि वाटीत चमचा फिरला की रडायची."
खोराटे सरांच्या हातात चमचा होता.
त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

अभिप्रायाच्या रकान्यात तीन ओळींची जागा होती.
मी लिहिलं : मान अजून खाजतेय.

शाळा उघडली तेव्हा गंगावेशीतल्या पंक्चरवाल्याकडून
सायकलच्या जुन्या ट्यूबा आणल्या, बाकांच्या पायांना ताणून बांधल्या.
हलवा पाय, काय हलवायचे ते.
कॉलरऐवजी सुक्या खोबऱ्याचा तुकडा.
नकाशांचा गठ्ठा रोज ऑफिसात पोचवायचं काम सुमेधचं.
ऑफिसला नकाशे नको असतात,
भैरूमामा शिपाई ते दुपारी मुकाट्यानं परत आणतो.
गठ्ठा जड आहे, एवढंच.

जमलं म्हणू नका.
गॅदरिंगला स्पीकर लागला आणि तो कंपाउंडवरून उडी टाकून गेला,
दिवेलागणीला रंकाळ्यावर सापडला, पाण्याकडे बघत,
एका पायात चप्पल.
त्याच्या आईनं मला विचारलं,
"तुम्ही शिकून आलाय न्हवं, बाई?"
मी ती दुसरी चप्पल शोधत राहिले.

काल शनिवार. मैदानात लेझीम, हलगी कडाडली.
सुमेधचे हात कानांकडे निघाले,
अर्ध्यावर थांबले
आणि व्हरांड्याच्या भिंतीवर टेकले, तळवे पसरून.
दहा आकडे होईपर्यंत ढकलायची, असं ठरलंय आमचं.
मीही शेजारी जाऊन टेकले. कोपरं ताठ, गुडघ्यात कळ,
तळव्यांना चुना.

मुख्याध्यापक लांबून ओरडले, "काय चाललंय, बाई?"

सुमेधच बोलला, मान न वळवता :
"सात.
भिंत ढकलाय लागलोय, सर.
आठ."